एका कार्डात सगळं घर

माझ्या नवऱ्याची कंबर दुखत होती आणि तिचं कारण सावंतवाडीच्या डॉक्टरांनी त्याच्या पँटच्या मागच्या खिशात शोधून काढलं. खिशात पाकीट होतं, आणि ते इतकं जाड झालं होतं की तो खुर्चीत बसला की एका अंगाला कललेला दिसायचा, ओहोटीत नांगरलेल्या होडीसारखा. डॉक्टरांनी पाकीट हातात घेऊन जोखल्यासारखं केलं आणि म्हणाले, गोळ्या मी देतो, पण आधी ह्याच्यावर बसणं बंद करा.

पाकिटात नोटा असत्या तर मी काही बोलले नसते. पण त्यात होती कार्डं. पेन्शन येते त्या बँकेचं एक. गोव्यातल्या बँकेचं एक, कारण आमच्या आरोंद्याहून पूल ओलांडला की गोवा, आणि एक खातं पलीकडे असावं असा त्याच्या घराण्याचा जुना समज. पेट्रोल पंपाचं एक. एसटीच्या सवलतीचं एक. म्हापशाच्या एका दुकानाचं एक, ज्याच्यावर खरेदीचे गुण साठायचे. ते दुकान कधीच बंद पडलं, पण गुण साठलेत म्हणून कार्ड टाकायचं नाही. तो उमेदीची सगळी वर्षं बोटींवर आचारी होता, त्यामुळे बुडालेल्या कंपन्यांची ओळखपत्रंही होती. आणि सगळ्यांच्या पुढे, हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताचं छोटं चित्र.

त्या नाताळात आमचा मुलगा बंगळूरहून आला आणि त्याने बापाला भेट दिली. काळं, गुळगुळीत, नेहमीच्या कार्डापेक्षा किंचित जाड असं एक कार्ड. त्याच्यावर ना नाव, ना नंबर, ना बँकेची खूण. एका कोपऱ्यात नखाएवढी काचेची खिडकी आणि तिच्याखाली एक बटण. मुलाच्या मित्रांनी नवीन कंपनी काढली होती आणि हे कार्ड अजून बाजारात यायचं होतं. तोपर्यंत त्याचा प्रयोग नातेवाइकांवर चालू होता.

मुलाने जेवणाच्या टेबलावर सगळं समजावून सांगितलं. घरातली जेवढी कार्डं असतील तेवढी ह्या एका कार्डात भरायची. बटण दाबलं की खिडकीत एका कार्डाचे शेवटचे आकडे येतात, पुन्हा दाबलं की पुढच्याचे. जे हवं ते आलं की थांबायचं आणि मशीनमध्ये घालायचं. जुनी कार्डं घरी सुरक्षित ठेवून द्यायची. पाकीट सपाट, कंबर सरळ.

माझा नवरा कार्ड उजेडात धरून बघत होता. बोटीवर नवीन ओव्हन आला की तो असाच बघत असणार. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे कोणी काही समजावून सांगायला लागलं की प्रश्न विचारायची मला सवय आहे. मी विचारलं, हे हरवलं तर? मुलगा म्हणाला, हरवू दे. ते फोनशी बांधलेलं आहे. फोनपासून लांब गेलं की आपोआप बंद पडतं. चोराच्या हातात नुसता प्लास्टिकचा तुकडा. मी विचारलं, आणि फोन घरी राहिला तर? तर बटणाचा एक गुप्त ठोका असतो, तो म्हणाला. काही वेळा झटकन दाबायचं, काही वेळा दाबून धरायचं. तो क्रम फक्त मालकाला ठाऊक. आणि ठोका पण विसरला तर? मुलाने बापाकडे बघितलं.

"इसरूक मी काय ल्हान पोर आसंय?" नवरा म्हणाला.

मग आमच्यात जो वाद झाला तो पुढे वर्षभर थोडाथोडा चालूच राहिला. माझं म्हणणं साधं होतं. बोटीच्या पोटात वेगवेगळे कप्पे का असतात हे त्यानेच मला लग्नानंतर पहिल्या सुट्टीत सांगितलं होतं. एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीचे कोरडे राहावेत म्हणून. मग आपले सगळे पैसे एकाच कप्प्यात का भरायचे? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. कप्पे कितीही असले तरी बोटीला कप्तान एकच असतो, आणि हे कार्ड म्हणजे कप्तान. मुलाला दोघांचंही पटलं, म्हणजे त्याने मोबाईल काढला आणि तो बघत बसला. नाताळचा दिवस होता, पोरगं वर्षातून एकदा घरी आलेलं, म्हणून मी फार ताणलं नाही आणि माझंही कार्ड त्यात भरू दिलं. घराचं एकच कार्ड असावं, असा नवऱ्याचा आग्रह होता.

जुनी कार्डं त्याने बिस्किटांच्या डब्यात घातली आणि डबा तांदळाच्या पिंपात खोल पुरला. चोर सोनं नेईल, टीव्ही नेईल, पण उकडे तांदूळ कशाला नेईल, असं तो म्हणाला.

आता गुप्त ठोका ठरवायचा होता. मुलाने सुचवलेले सगळे त्याला परके वाटले. शेवटी त्याने आमच्या चर्चची घंटा निवडली. सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला देवदूताच्या निरोपाच्या प्रार्थनेची घंटा होते, तिचे ठोके आमच्या अंगात मुरलेले. खरं तर ते तीन ठोके एकसारखे हवेत. पण आमच्याकडे घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला दमा आहे. तो दोन ठोके भराभर देतो, मग थांबून श्वास घेतो, आणि तिसरा दोरीला लोंबकळल्यासारखा लांबवतो. त्यामुळे आमच्या गावात देवदूताचा निरोप 'टण, टण, टाँऽऽण' असा येतो. नवऱ्याने ठोका ठेवला तो असा, दोनदा. कोणाच्याही बापाला कळायचा नाही, म्हणाला.

अडचण एवढीच होती की बटण दाबताना तो ठोका तोंडाने म्हणायचा. मनातल्या मनात म्हणून त्याला जमत नव्हतं. बोट चुकायचं.

मुलगा परत गेला आणि हा कार्ड घेऊन गावोगाव फिरायला लागला. पण ते चालवायचं कुठे? आमच्याकडे तोवर सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचे कागद लागले होते. मासे विकणारीच्या टोपलीला कागद, पाववाल्याच्या सायकलला कागद, बांद्याच्या बाजारात नारळवाल्याच्या ढिगावरही कागद. फोन दाखवला की काम झालं. कार्ड घालायचं मशीन मात्र पेट्रोल पंपावर, औषधाच्या दुकानात आणि दोनतीन मोठ्या दुकानांत. म्हणून हा पंपावर जायचा. टाकी भरलेली असली तरी थोडंसं टाकून घ्यायचा. पंपावरच्या पोराने पहिल्यांदा ते काळं कार्ड उलटसुलट केलं, त्याच्यावर ना नाव ना गाव बघून मालकाला हाक मारली, आणि मालकाने माझ्या नवऱ्याकडे त्याने ते कुठून तरी उचलून आणल्यासारखं बघितलं. नवऱ्याला त्याचा राग आला नाही. त्याला बोलायला निमित्त मिळालं. पंपाच्या मालकाला त्याने सगळं सांगितलं: फोन, खिडकी, आकडे आणि ठोकासुद्धा. प्रात्यक्षिक केल्याशिवाय ठोका कसा समजणार? तसंच त्याने बांद्याच्या बाजारातही केलं. तिथे मशीन नव्हतंच, पण प्रात्यक्षिकाला मशीन लागत नाही.

ह्याच दिवसांत माझ्या फोनवर एक संदेश आला की आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा. मी तो हसून पुसून टाकला. नवरा हसला नाही. त्याने दोघांच्याही फोनवरची पैसे पाठवायची सोय काढून टाकली. आता कार्ड आसा ना, म्हणाला, मगे हे दरवाजे उघडे कित्याक ठेवूचे? मला ते फारसं पटलं नाही, पण संदेश आला होता हेही खरं होतं.

मग त्याच्या थोरल्या बहिणीची पंचाहत्तरी आली. ती पुलापलीकडे पेडण्याकडच्या एका गावात राहते. घरचे सगळे जमणार होते, आणि केक आणायचं काम आमच्याकडे आलं. नवरा स्वतः आचारी, तेव्हा तो केक करील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्याने जाहीर केलं की म्हापशाच्या एका बेकरीतून तीन मजली केक आणणार. मला तेव्हाच कळलं की त्या बेकरीत मशीन आहे.

आम्ही सकाळी गाडी घेऊन निघालो. बेकरी चालवणारी बाई माझ्यापेक्षा थोडी वयस्कर, अंगावर फुलाफुलांचा झगा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिने केक बाहेर आणला. तो खरोखर देखणा होता, वरच्या मजल्यावर साखरेचे गुलाब. मागे गिऱ्हाइकांची रांग होती. नवऱ्याने समारंभपूर्वक कार्ड काढलं आणि बटण दाबलं. खिडकीत काहीच आलं नाही.

मी म्हटलं, फोन बघ. तो म्हणाला, फोन घरी आहे. विसरलास? नाही, म्हणाला, मुद्दाम ठेवलाय. म्हापशात आज बाजार, खिसेकापू फिरतात. त्यांनी कार्ड आणि फोन दोन्ही एकदम मारले तर कार्ड चालू राहील.

"कुलूप आणि चावी एकाच खिशात कोण ठेवता गो?" त्याने मला विचारलं.

मी मागच्या रांगेकडे बघितलं. पण तो घाबरला नव्हता. ठोका होता ना. त्याने कार्ड काउंटरवर ठेवलं, बोट बटणावर ठेवलं आणि तोंडाने सुरू केलं. टण, टण, टाँऽऽण. पहिल्या खेपेला लांब ठोका आखूड पडला. दुसऱ्या खेपेला मागच्या माणसाने, काय होतंय ते बघायला, खांद्यावरून मान पुढे काढली आणि ह्याचं बोट घसरलं. आता रांगेला गोडी लागली होती. एका जाड्या गृहस्थाने सांगितलं की शेवटचा आणखी ओढा. एका मुलीने सांगितलं की मध्ये थांबताय ते फार थांबताय. एव्हाना अख्ख्या बेकरीला ठोका पाठ झाला होता. फक्त कार्डाला तो पटत नव्हता.

नवऱ्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. आणि नेमकी दुपारची घंटा झाली.

म्हापशाची घंटा वाजवणाऱ्याला दमा नाही. त्याचे तिन्ही ठोके सरळ, सारखे आणि मोठे. माझ्या नवऱ्याचं बोट, बिचारं, घंटेच्या मागे गेलं. लहानपणापासून ऐकत आलेलं बोट ते, दुसरं काय करणार? बेकरीत सगळे जागच्या जागी उभे राहिले आणि प्रार्थना पुटपुटू लागले. बेकरीवालीने हात पुसून क्रूसाची खूण केली, नवऱ्यानेही एका हाताने केली. दुसरा बटणावर होता. प्रार्थना संपली तेव्हा कार्डाच्या खिडकीत एक बारीक कुलूप दिसत होतं. म्हणजे आता फोन जवळ आल्याशिवाय ते कोणाचंच ऐकणार नव्हतं.

माझ्या पर्समध्ये भाजीपुरते पैसे होते. माझं खरं कार्ड तांदळात होतं. बेकरीवालीने सगळं बघितलं होतं, आणि ती भली बाई होती. ती कोंकणीत म्हणाली, "केक व्हरात, पयशे मागीर दियात." घेऊन जा म्हणत होती, मग द्या. मी केकला हातही लावला. पण नवरा अडून बसला. बोटीवरून बंदराला उतरल्यावर कुठल्याही दुकानात उधारी ठेवली नाही, आज म्हातारपणी म्हापशात ठेवू काय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला ओळखते. मी केक खाली ठेवला.

आमच्या कुंपणापलीकडे भातशेती आणि काजू करणारा एक शेजारी आहे. आमच्या घराची चावी त्याच्याकडे असते आणि त्याची आमच्याकडे. मी त्याला फोन लावला आणि सांगितलं की फ्रिजवर ह्यांचा फोन चार्जिंगला लावलाय, तेवढा घेऊन म्हापशाला येशील काय? का, कशाला, काही विचारलं नाही त्याने. येतंय बाईनू, म्हणाला आणि फोन ठेवला.

बेकरीवालीने आम्हाला आतल्या बाकावर बसवलं, चहा आणि गरम पॅटिस दिले. नवरा लगेच भट्टी बघायला आत गेला. भट्टीवाल्याशी त्याचं पिठाबद्दल काहीतरी जमलं आणि तो तिथेच रमला. मी बाकावर बसले होते. समोरच्या काउंटरवर, गल्ल्याच्या शेजारी, ठिपक्यांचा चौकोनी कागद चिकटवलेला होता. मी तो किती वेळ नुसताच बघत होते, आणि मग माझ्या डोक्यात आलं की शेजाऱ्याला इथे बोलवायचं काही कारणच नव्हतं. त्याच्या फोनवर पैशांची सोय होती. बेकरीवालीचा नंबर त्याला सांगितला असता तर त्याने काजूच्या झाडाखाली उभ्या उभ्या पैसे पाठवले असते आणि आम्ही संध्याकाळी त्याचे परत केले असते. मी घाईघाईने त्याला फोन लावला. तो स्कूटरवर होता. घंटी वाजत राहिली.

मी हे बेकरीवालीला हळूच सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग काउंटरवर डोकं टेकून हसली, आवाज न करता, खांदे हलवत. मीही हसले. तिच्यासुद्धा नवऱ्याला यंत्रांचं वेड होतं म्हणे. त्याने एकदा पाव कापायचं मशीन आणलं होतं, ते पाव सोडून सगळं कापायचं. मग आम्ही दोघींनी ठरवलं की भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ह्यातलं काही सांगायचं नाही.

शेजारी आला तो घामाघूम. त्याने पिशवीतून फोन काढला, चार्जर काढला, आणि मग चार्जर ज्यात खोचलेला होता तो वायरीचा लांब बोर्डही काढला. नवऱ्याने तो सगळा ऐवज सुतळीने एकत्र बांधून ठेवला होता आणि काय लागेल, काय नाही, म्हणून शेजाऱ्याने सगळंच आणलं होतं. फोन जवळ येताच कार्डाच्या खिडकीतलं कुलूप गेलं आणि हिरवा ठिपका आला. मला कबूल करायला हवं की त्या क्षणी मलाही ते कार्ड थोडंसं आवडलं. नवऱ्याने बटण दाबलं, खिडकीत आकडे आले, त्याने डोळे बारीक करून बघितले, मान हलवली आणि कार्ड मशीनमध्ये घातलं. पावती निघाली. रांगेत आता दुसरे लोक होते, त्यांना ह्यात काही विशेष वाटलं नाही.

इतक्यात माझ्या पर्समध्ये फोन टिणटिणला. माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश होता. वाचायचा चष्माही तो घरीच ठेवून आला होता.

संध्याकाळी बहिणीच्या घरी केक सगळ्यांना फार आवडला. शेजाऱ्यालाही आम्ही तसंच पुढे घेऊन गेलो होतो. तो पाहुण्यांत आमच्याइतकाच मिसळला. नवऱ्याने सगळी हकीकत सांगितली, काही लपवलं नाही, फक्त तिचा अर्थ बदलला. त्याच्या सांगण्यात ती कार्डाच्या मजबुतीची गोष्ट झाली. मालकाला स्वतःला, भर दिवसा, इतक्या लोकांची मदत असताना उघडता आलं नाही, तर चोराची काय बिशाद? बहिणीचे दोन जावई गंभीरपणे मान हलवत होते. बहिणीने तेवढं विचारलं की केक शेवटी दिला कोणी? तिला केक माझ्याकडून मिळाला हे कळलं तेव्हा तिने मला जवळ घेतलं. नवऱ्याने तो भाग झटकन ओलांडला.

घरी आल्यावर मी माझं कार्ड परत मागितलं. त्याने वाद घातला नाही. पिंपात खांद्यापर्यंत हात घालून त्याने डबा शोधला. तांदूळ मध्ये दोनदा काढला-भरला गेल्याने डबा कुठल्या कुठे सरकला होता, आणि तो वाकून चाचपडत असताना त्याची कंबर पुन्हा धरली. मी माझं कार्ड पुसून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि फोनवर पैशांची सोयही परत घालून घेतली. त्याचं सगळं मात्र काळ्या कार्डातच राहिलं.

पावसाळा सरल्यावर ते कार्ड हरवलं. बांद्याच्या आठवडा बाजारातून तो परत आला, पिशव्या खाली ठेवल्या, खिसा चाचपला आणि तसाच उभा राहिला. फोन मात्र खिशातच होता. फोनने दाखवलं की कार्ड शेवटचं बांद्याच्या बाजारात दिसलं होतं. ते आम्हालाही माहीत होतं. मी म्हटलं, बँकेला फोन करून सगळं बंद करूया. तो नको म्हणाला. कार्ड फोनपासून लांब आहे, म्हणजे बंदच आहे. उगाच सगळी खाती कशाला अडवायची? आवाज शांत होता, पण रात्री त्याने ताटातले मासे तसेच ठेवले. असं तो आजारी असतानाही करत नाही.

सकाळी उठून तो एकटाच बांद्याला गेला. परत आल्यावर त्याने जे सांगितलं ते मी त्याच्या तोंडून थोडंथोडं काढून घेतलं. बाजार उठला होता, पण रोजची दुकानं होती. तो रस्त्यावर दिसताच चहावाल्याने सांगितलं की तुमचं कार्ड नारळवाल्याकडे आहे. पुढे भाजीवालीनेही तेच सांगितलं. नारळवाल्याने ते तंबाखूच्या डबीखाली जपून ठेवलं होतं. त्याच्या ढिगात पडलेलं मिळालं म्हणे. नवऱ्याने आभार मानले, फेणीची बाटली देतो म्हणाला. तेव्हा नारळवाल्याने त्याला धीर दिला.

"पडान बिघाडला काय म्हणान बघितलंय. काय एक झाला नाय, बरा चालता आसा."

आणि त्याने बटणावर बोट ठेवून तोंडाने म्हणत ठोका देऊन दाखवला, एकदाही न चुकता. खिडकीत पेन्शनच्या खात्याचे आकडे आले. आदल्या दिवशी दुपारभर आजूबाजूच्या चारपाच दुकानदारांनी ते असंच उघडून बघितलं होतं. लहान मुलांनाही एकेकदा दिलं होतं. एक पैसा गेला नव्हता. त्यांच्यापैकी कोणाकडे मशीन नव्हतं हे एक, आणि ते चांगले लोक आहेत हे दुसरं. ह्यातलं कुठलं किती कामाला आलं ते मला सांगता येणार नाही.

पैसे वाचल्याचा आनंद नवऱ्याला झालाच नाही. जे त्याला म्हापशात जमलं नव्हतं ते नारळवाल्याला सहज जमलं, हे त्याला लागलं होतं. तो ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. मी चहा नेऊन दिला. मला बोलायला पुष्कळ होतं, पण त्याची पाठ बघून बोलवेना. दुसऱ्या दिवशी त्याने ठोका बदलला. नवा कोणता ते मला सांगितलं नाही, आणि आठवड्याने तो त्यालाही आठवेना. तेव्हापासून फोन आणि कार्ड एकाच खिशात राहू लागले.

पुढच्या नाताळाच्या थोडं आधी मुलाचा फोन आला. त्याच्या मित्रांची कंपनी बंद झाली होती. मित्रांना नोकऱ्या लागल्या होत्या. कार्ड महिन्याभरात थांबेल, म्हणाला, त्याच्या आतली बॅटरी बदलता येत नाही. सॉरी, पप्पा. नवऱ्याने त्याची समजूत काढली. बोटीसुद्धा भंगारात जातात, असं काहीसं म्हणाला. जुनी कार्डं तांदळातून पुन्हा वर आली, पण त्यातल्या पेन्शनच्या कार्डाची मुदत संपली होती, म्हणून आम्ही बँकेत गेलो.

बँकेत गेलं की तो पुस्तकातली मराठी बोलतो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने नवीन कार्ड दिलं आणि सांगितलं की काका, हे मशीनमध्ये घालायची पण गरज नाही, नुसतं टेकवायचं.

"आणि गुप्त क्रमांक?" नवऱ्याने विचारलं.

लहान रकमेला लागत नाही, ती म्हणाली. नवऱ्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग त्याने विचारलं की मी एसटीत उभा असताना कोणी माझ्या खिशाला मशीन टेकवलं तर? मुलीने मान्य केलं की तसं होऊ शकतं, पण सहसा होत नाही, आणि भीती वाटत असेल तर ही सोय बंदही करता येते. करू का बंद? मी म्हटलं, कर. तो म्हणाला, नको, राहू द्या. नुसतं टेकवायचं, आठवायचं काहीच नाही, हे त्याला मनापासून आवडलं होतं.

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातून मासे गुंडाळून भाजायची चांदी, म्हणजे तो चकचकीत कागद, घेतली, तिचा चौकोन कापला आणि कार्ड त्यात दोन घड्यांत गुंडाळलं. चांदीतून लहरी आत जात नाहीत, हे त्याला बोटीवरच्या रेडिओवाल्याने कधीतरी सांगितलं होतं. मी मुलाला विचारलं तर तो म्हणाला की हे मात्र खरं आहे.

आता आम्ही औषधाच्या दुकानात जातो तेव्हा तो खिशातून चांदीची पुडी काढतो आणि काउंटरवर एकेक घडी उलगडायला लागतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने ती पुडी बघून, ह्या गोळ्या परत करायच्या आहेत का, म्हणून विचारलं. नवऱ्याने त्याला लहरींचं सगळं सांगितलं. मागे रांगेत एक बाई होती, हातात औषधाची चिठ्ठी. ती लक्ष देऊन ऐकत होती, आणि त्याचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं की चांदी जाडी घेवची काय पातळ? नवरा तिच्याकडे वळला, चष्मा नीट केला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. मी माझ्या पर्समधून माझं कार्ड काढलं, मशीनवर टेकवलं आणि त्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या.